रक्त कमी आहे

मुळशी तालुक्यातल्या आमच्या उरवड्यात कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की निदान तयार असतं : रक्त कमी आहे. त्याला डॉक्टर लागत नाही. चुलती करते, शेजारीण करते, लावणीला आलेली बाई बांधावरून करते. औषधही ठरलेलं. गूळ-शेंगदाणे, बीट, पैसे असले तर डाळिंब. लाल दिसतं ते रक्त वाढवतं, असा सरळ हिशेब. बहुतेक वेळा तो चुकत नाही, कारण बायका-पोरांच्या अंगात लोह खरोखरच कमी असतं. पण ज्या थोड्या वेळा चुकतो, तेव्हा तीन-चार महिने हातचे जातात. काही आजारांत तीन-चार महिने म्हणजे सगळंच.

वाडीतला एक मुलगा. दुसरीत होता. पावसाळ्यात दमायला लागला. शाळेतून आला की दप्तरही न काढता ओट्यावर आडवा व्हायचा. रक्त कमी आहे. टॉनिकची एक बाटली झाली, दुसरी झाली. मग पाय दुखायला लागले. ते वाढीचं दुखणं. ताप येऊन-जाऊन असायचा, ती हवा. नडग्यांवर निळे डाग दिसले तेव्हा आईला वाटलं, कुठं तरी आपटलाय आणि मार बसेल म्हणून सांगत नाहीये. एका दवाखान्यात पायदुखीवर स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. पोरगं आठ दिवस खडखडीत बरं दिसलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. तो दवाखाना मीच सुचवला होता. नंतर कळलं ते असं : रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात स्टेरॉइड हे एक औषधच आहे. ते एकटं, अर्धवट दिलं की रोगट पेशी तेवढ्यापुरत्या दबतात, निदान झाकलं जातं आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. ते आठ दिवस अजून मला सलतात.

शेवटी रक्त तपासायला दिलं. लॅबमधली मुलगी पंचविशीची असेल. रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हणाली होती, पण दुपारीच मुलाच्या आईला तिचा फोन आला. ‘‘ताई, मशिनचा आकडा मला पटेना म्हणून मी काच लावून बघितली. आता कुठल्याच गोळ्या देऊ नका. आजच्या आज पुण्याला न्या.’’ यापलीकडे ती काही बोलली नाही, आणि बोलायचा तिला अधिकारही नव्हता. पुण्यात दोन दिवस गेले आणि मग गावात सांगितलं गेलं, ‘त्याला टाटाला नेलंय.’ आपल्याकडे आजाराचं नाव घेत नाहीत. ‘टाटाला नेलंय’ म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही.

फेब्रुवारी हा या आजाराच्या दिवसांचा महिना. ४ तारखेला जागतिक कर्करोग दिन; २००० साली पॅरिसच्या परिषदेत तो ठरला. १५ तारीख लहान मुलांच्या कर्करोगाची. २८ तारखेला आपण रामन यांच्या शोधासाठी विज्ञान दिन पाळतो, पण १९४१ साली याच तारखेला परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. महिनाभर फेऱ्या निघतील, फिती लागतील, ‘घाबरू नका’ असे फलक झळकतील. घाबरू नका हे सांगायला काही लागत नाही. पहिल्या आठवड्यात नेमकं कुठं जायचं, कुणी बघायचं, हे सांगायला मात्र माणसं तयार करावी लागतात, आणि फलकांवर नेमकं तेवढंच राहून जातं.

टाटा रुग्णालयाचं मूळच मुळी रक्ताच्या आजारात आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी पत्नीच्या नावानं ट्रस्ट काढला, तोही ल्युकेमियाच्या संशोधनासाठी आणि जगभरातल्या संशोधकांसाठी. त्याच वर्षी तेही गेले. त्या घरात पैसा होता, युरोपातले दवाखाने हाताशी होते, पण या रोगावर द्यायला औषधच नव्हतं. नव्वद-पंचाण्णव वर्षांत हे पार उलटं झालंय. औषध आहे, सरकारी योजना आहे, रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर लाखांचे उपचार होतात. नाही ते वेळेवर ओळखणारं माणूस.

रक्तातलं वेगळेपण ओळखण्याच्या बाबतीत १९५२ हे साल विलक्षण म्हणायला हवं. त्या वर्षी लेहमन आणि कटबुश या दोघांनी निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींचं मूळ असल्याचं दाखवून दिलं. सिकलसेल हा फक्त आफ्रिकेचा आजार नाही हे तेव्हा कळलं. त्याच वर्षी परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारात, डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं. आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, केईएममध्ये, डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगात कुठंच न नोंदलेला रक्तगट पकडला. आज तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो.

भेंड्यांची गोष्ट आपल्या मुद्द्याची आहे, म्हणून थोडं थांबतो. हा गट असलेल्या माणसाचं रक्त नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ म्हणूनच दिसतं, कारण त्याच्या लाल पेशी ‘ए’च्या रसायनाला गोळा होत नाहीत आणि ‘बी’च्याही नाहीत. घाईत असलेला माणूस ‘ओ’ लिहून मोकळा होईल. पण त्याला खरोखरचं ‘ओ’ रक्त चढवलं तर त्याचं शरीर ते फोडून टाकतं. ओ, ए, बी या सगळ्यांच्या पेशींवर असणारा ‘एच’ नावाचा पायाच या माणसांत नसतो. त्यांना फक्त त्यांच्यासारख्याचंच रक्त चालतं, आणि आपल्या देशात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक. केईएममध्ये जे रुग्ण आले, त्यांच्या रक्ताशी दात्यांमागून दात्यांचं रक्त लावून पाहिलं, कुणाचंच जुळेना. हा काचेचा दोष असेल, रसायन जुनं असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी सोडलं नाही. लॅन्सेटमध्ये टिपण छापून आलं आणि मुंबईचं नाव रक्तशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात गेलं.

आमच्या वाडीतल्या त्या मुलाच्या वेळी लॅबमधल्या मुलीनं केलं तेही याच जातीचं काम होतं : यंत्रानं दिलेला आकडा पटला नाही.

ती ‘काच’ म्हणजे काय ते मी नंतर तिच्याकडे जाऊन पाहिलं. रक्ताचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब काचपट्टीच्या टोकाशी ठेवायचा, दुसरी काच तिरकी धरून तो एका झटक्यात पुढं ओढायचा. हात थरथरला तर जाड होतो, दाबला तर फाटतो. नीट जमला की काचेवर जिभेच्या आकाराचा पातळ डाग राहतो, आणि जिभेच्या टोकाशी पेशी एकाशेजारी एक, सुट्या पडलेल्या असतात. वाळल्यावर जांभळं रसायन ओतायचं, काही मिनिटं थांबायचं, धुवायचं. दुर्बिणीखाली लोह कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी लहान, फिक्या, मधे पोकळ दिसतात. रिकामी बशी जशी. सिकलच्या असल्या तर मधेच एखादी विळ्यासारखी वाकलेली. आणि मुलाच्या काचेवर तिला जे दिसलं ते : पांढऱ्या पेशी मोठ्या, जवळजवळ सगळी जागा केंद्रकानं व्यापलेली, कडेला निळ्या रसाची नुसती किनार, प्लेटलेट शोधूनही सापडेनात. ‘‘या पेशी बाहेर यायच्याच नसतात, दादा,’’ ती म्हणाली. ‘‘त्या हाडाच्या आत शिकत असतात. शिकायच्या आधीच बाहेर पडल्यात.’’ पाठ्यपुस्तकात ल्युकेमियाची व्याख्या अनेक प्रकारे केलेली असेल. मला हीच पुरते.

या एका थेंबाच्या पलीकडं आपल्याकडं केवढं काम झालंय, ते मात्र मान्य करायला हवं. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे यांनी शेतकी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं ते सीताफळाच्या कुळातल्या झाडांवर. तिथून त्या खानोलकरांकडं गेल्या, मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून परत आल्या आणि परळच्या केंद्रात पेशी काचपात्रात वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. पद्मभूषण मिळालेल्या या बाई पुढे अकोले तालुक्यातल्या राजूर भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत हिंडल्या. त्यांच्या चरित्रात हा भाग शेवटच्या दोन ओळींत उरकलेला असतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९८३ साली टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. लहान वयात पोलिओ झाल्यानं ते स्वतः चाकांच्या खुर्चीवर. अमेरिकेच्या कर्करोग संस्थेबरोबर त्यांनी मुलांच्या ल्युकेमियासाठी औषधांचा जो क्रम बसवला, त्यानं पाचात एखादं मूल वाचायचं तिथं निम्म्याहून जास्त वाचू लागली. आणि अगदी अलीकडं, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला मान्यता मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, शत्रू कसा दिसतो ते त्यांना जनुकातून शिकवायचं, त्यांची संख्या वाढवायची आणि परत त्याच्या शिरेत सोडायच्या. अमेरिकेत अशाच उपचाराला तीन-चार कोटी रुपये मोजावे लागतात, इथं सुरुवातीला किंमत होती चाळीस लाखांच्या आसपास. चाळीस लाख म्हणजे उरवड्याला अजूनही जमिनीचा तुकडा विकण्याचीच गोष्ट आहे, तरी फरक लहान नाही. टाटा मेमोरियल आज होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. म्हणजे उपचार, संशोधन आणि शिक्षण एकाच छताखाली असावं हे स्वप्न परळ-खारघरपुरतं, टाटाच्या या दोन केंद्रांपुरतं, खरं झालंय.

परळ-खारघरपुरतं. त्या मुलाची आई अडीच वर्षं परळच्या वाऱ्या करत होती. सुरुवातीचे महिने दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत. तिथल्या व्हरांड्यात सगळ्या महाराष्ट्राच्या बोली एका ओळीत झोपतात. बीडची, जळगावची, गडचिरोलीची. तिथं बायकांची वेगळीच भाषा तयार होते. ‘काउंट किती?’ हा नमस्कार. ‘पाठीतलं झालं का?’ ही मणक्यातल्या इंजेक्शनची विचारपूस. रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. ‘शेक चालू आहे’ म्हणतात. बाजूच्या बाईच्या मुलीच्या मानेत गाठ होती, सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन मग ती इथं आली होती. जवळजवळ प्रत्येकीकडे अशी एक अगोदरची गोष्ट होती. टॉनिकची, टीबीची, वाढीच्या दुखण्याची.

केमोनंतर काउंट खाली गेला की पांढऱ्या पेशी वर आणायला फिलग्रास्टिम नावाचं इंजेक्शन देतात. एकदा त्याच्या आईनं खोकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि बारीक छापलेला पत्ता मला फोनवर वाचून दाखवला : घोटावडे, तालुका मुळशी. तिथं ल्युपिनचा जैवऔषधांचा कारखाना आहे. ‘‘आपल्या घोटावड्याला होतंय हे?’’ तिचा विश्वास बसेना. इंजेक्शन घोटावड्याचं, मुलगा उरवड्याचा, आणि दोघांची गाठ परळला पडली.

मुळशीला काही कमी नाही, हेच तर दुखणं आहे. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिसचं विद्यापीठ आहे, त्याचं रुग्णालय आहे, मुलींचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. सुदाम काटे यांना सिकलसेलवर आदिवासी भागांत केलेल्या कामासाठी २०१९ साली पद्मश्री मिळाली. एवढं सगळं एका दिवसाच्या फेरीत येणाऱ्या अंतरात आहे. तरी तालुक्यात गेल्या वर्षी रक्ताचे कर्करोग किती निघाले, कातकरी वाड्यांवर सिकल आहे का, असेल तर किती, असं गावात कुणाला विचारलं तर उत्तर येत नाही. ज्याच्या घरी आहे, त्यालाच ठाऊक.

उत्तर कसं मिळवायचं ते बार्शीनं दाखवलंय, आणि बार्शी हे काही मोठं विद्यापीठ नव्हे. १९८७ साली तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. शहरात नोंदणी सोपी असते, रुग्णालयांच्या वह्या चाळल्या की झालं. इथं रुग्ण रुग्णालयात येतच नव्हता. घरात कण्हत मरायचा, आणि सरपंचाला विचारलं तर ‘म्हातारी झाली होती’ असं उत्तर. मग बार्शीची माणसं गावोगाव गेली, बैठका घेतल्या, कुणाला अंगावरून जातंय, कुणाच्या तोंडातली जखम भरत नाहीये, हे विचारत बसली. नोंदणी करता करताच लोक लवकर येऊ लागले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात पोचू लागल्या, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. नुसतं विचारणं हाही उपचार ठरला.

त्याच पायावर पुढे डॉ. भगवान नेने आणि डॉ. शंकरनारायणन यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. एचपीव्ही या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू आठ वर्षांत निम्म्यावर येतात, असा निष्कर्ष २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला, आणि जगभरच्या धोरणांत तो आज आधार म्हणून वापरला जातो. एक डाग मात्र नोंदवायला हवा. तुलनेसाठी ज्या बायकांचा गट ठेवला, त्यांची तपासणी केलीच नव्हती, फक्त माहिती दिली होती. त्यावर नंतर कडक टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. परांड्याच्या बाईनं जगाला उत्तर दिलं, तर त्या उत्तराचा पहिला फायदा तिला व्हायला हवा होता.

विद्यापीठांनी काय करावं हे सांगणारा मी कोण? तरी सांगतो. अतिविशेषज्ञांच्या जागा वाढवाव्यात, वाढवायलाच हव्यात. पण त्याबरोबर प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयानं आपला तालुका बार्शीसारखा वहीत उतरवावा. तिथल्या विद्यार्थिनींनी तीन महिने गावातल्या लॅबमध्ये बसून काच ओढावी, आणि गावातल्या डीएमएलटी ही लॅब-तंत्रज्ञाची पदविका झालेल्या मुलामुलींना विद्यापीठाच्या दुर्बिणीवर बसता यावं. संशयास्पद काच फोनवरून दाखवायला एक माणूस असावा, रात्रीही. दर महिन्याचा काउंट आणि साधी केमो घराजवळ व्हावी, म्हणजे आईची मजुरी बुडणार नाही. याला चाळीस लाख लागत नाहीत.

उरवडे हे नाव बाहेरच्यांना ऐकून माहीत असलं तर ते ७ जून २०२१ मुळं. त्या दिवशी इथल्या एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि सतरा कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. देह ओळखू येत नव्हते, म्हणून ओळख पटवायला डीएनए चाचण्यांचा आधार घ्यावा लागला. कोण कुणाची मुलगी, कोण कुणाची सून, ते प्रयोगशाळेनं सांगितलं. एवढी बारीक तपासणी करणारी यंत्रणा आपल्याकडं आहे, आणि गरज पडली की ती गावापर्यंत पोचते, हे त्या जूनमध्ये आम्ही पाहिलंय.

मुलगा आता सहावीत आहे. औषधं थांबून बराच काळ झाला. तपासणीला तीन महिन्यांनी जातो, क्रिकेटमध्ये आउट दिलं की अंपायरशी भांडतो. त्याच्या आईनं परळच्या अडीच वर्षांत हिमोग्राम वाचायला शिकून घेतलं. कागद हातात आला की तिचं बोट आधी एएनसीवर, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर जातं, मग प्लेटलेटवर, हिमोग्लोबिनकडे शेवटी. परवा बचत गटाच्या बैठकीत एक सून पदरानं वारा घेत बसली होती. कुणी तरी नेहमीचं वाक्य टाकलं. त्यावर हिनं हप्त्याची वही मिटली, त्या मुलीच्या डोळ्यांची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, नडग्या पाहिल्या आणि विचारलं, ‘‘रक्त कमी म्हणजे काय कमी? लाल, पांढरं, का प्लेटलेट? काच बघितली का कुणी?’’

बैठक थांबली. सुनेनं मान हलवली, नाही म्हणून. उद्या सकाळच्या गाडीनं दोघी जाणार आहेत.